गॅलरीतली साडी

मामा आमचे कोणी नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कितीतरी वर्षं आम्ही जगाला याच्या बरोब्बर उलट सांगत होतो, आणि इतक्या वेळा सांगितलं की शेवटी शेवटी माझाच गोंधळ व्हायचा.

लग्नानंतर आम्ही परळला थोरल्या दिरांच्या खोलीत राहत होतो. सात माणसं आणि मधे एक पडदा. नवरा-बायकोला चार शब्द बोलायचे तरी चपला घालून बाहेर पडावं लागे. राणीच्या बागेत, चौपाटीवर, कुठल्यातरी देवळाच्या पायरीवर जाऊन बसायचं. चाळीतल्या बायका म्हणायच्या, काय हौशी जोडपं आहे, एक संध्याकाळ घरात म्हणून सापडत नाही. हौस कसली डोंबलाची, आम्हाला बसायला जागा नव्हती.

मग ह्यांना महाप्याजवळच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि कोणीतरी वाशीतला पत्ता दिला. वाशी तेव्हा नुकती उभी राहत होती, बिल्डिंगी कमी आणि माती जास्त. संध्याकाळी कारखान्यांचा वास यायचा, पाठोपाठ खाडीचा यायचा, आणि नवीन माणसाला कुठला कुणाचा ते कळत नसे. पत्त्यावरचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याच्या अंगाला गॅलरी, आणि दारात उभा एक उंच, वाळका माणूस. त्यानं आमच्या तोंडाकडे बघितलंच नाही. ह्यांच्या हातातल्या बॅगेकडे बघितलं, बोटानं ती दोन ठिकाणी ठोकली आणि म्हणाला, "भांडी वर आहेत, कपडे खाली. उलट हवं. या आत."

हे मामा. उभी हयात जकात नाक्यावर लोकांच्या बॅगा आणि बोचकी उघडण्यात गेलेली. माणूस खोटं बोलतो, त्याची बॅग बोलत नाही, हे त्यांचं पेटंट वाक्य. रिटायर झाले तरी नाका काही त्यांच्या अंगातून उतरला नव्हता. मी बाजारातून आले की पिशवीकडे बघून विचारायचे, "कोथिंबिरीच्या खाली काय आहे?" खाली कांदेच असायचे. पण ते खात्री करून घ्यायचे.

अडचण अशी होती की ही घरं सोडतीत मिळालेली. मालकानं स्वतः सहकुटुंब राहायचं, काही वर्षं पोटभाडेकरू ठेवायचा नाही, सापडला तर घर काढून घेणार, अशी अट. तपासायला घरवाटपाच्या ऑफिसातला माणूस केव्हाही येऊ शकतो म्हणे. म्हणजे मामांचं घर जाणार आणि आम्ही परत परळच्या पडद्यामागे. म्हणून पहिल्याच दिवशी मामांनी फर्मान काढलं की हे त्यांचे सख्खे भाचे, मी भाचेसून, आणि आम्ही चार दिवस पाहुणे आलो आहोत. 'भाडं' हा शब्द घरात उच्चारायचा नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला हे पैसे द्यायला गेले की मामा मोठ्यानं म्हणायचे, "अरे, मामाला कसला खाऊ आणतोस?" आणि दार लावून नीट मोजून घ्यायचे.

आता चार दिवसांचा पाहुणा वर्षभर राहिला तर लोकांना संशय येणारच. त्यावर मामांकडे उपाय तयार होता. पाहुणे फिरतात, तसं आम्ही फिरायचं. दर रविवारी नटूनथटून बाहेर पडायचं, आणि जिन्यात उभं राहून वर तोंड करून विचारायचं, "मामा, खाडीचा पूल कुठल्या बाजूला हो?" मग मामा गॅलरीतून हात लांब करून दाखवणार. अहो, त्या पुलावरून हे किती वेळा बसनं गेले असतील. पण दर रविवारी आम्ही तो पूल नव्यानं शोधायला निघायचो. शिवाय दोन-तीन महिन्यांनी आठवडाभर निघून जायचं. कुठे जाणार? परळला. ज्या खोलीतून सुटून आलो तिथेच. इतक्या मुश्किलीनं दोघांना एक खोली मिळाली, आणि ती टिकवायची म्हणून आम्ही पुन्हा बाहेरच. मी ह्यांना म्हणायचे, आपल्या नशिबात घर नाही, बस स्टॉप आहे.

निघण्याआधी मामा आमची बॅग तपासायचे. रिकाम्या बॅगेनं माणूस कसा झुलत चालतो ते नाक्यावर पोराटोरांनाही कळतं, असं म्हणायचे. एकदा मात्र आम्ही खरंच सुट्टीवर निघालो, माथेरानला, फक्त दोन दिवस. मामांनी बिल्डिंगभर सांगून ठेवलं की भाचा महिनाभर गावी चाललाय. नेरळहून डोंगर चढताना ह्यांना बॅग उचलेना. मी म्हटलं, कारखान्यात पंख्याखाली बसून बसून हात गेले तुमचे. वर जाऊन उघडते तर माझ्या साड्यांच्या घडीत मामांच्या पाट्यावरचा वरवंटा. महिन्याची बॅग दोन दिवसांच्या वजनाची दिसू नये म्हणून. हे इतके चिडले की दरीत टाकून देतो म्हणाले. मी टाकू दिला नाही. तो दगड माथेरानची हवा खाऊन परत आमच्याबरोबर उतरला, आणि मामांनी बिल्डिंगभर सांगितलं की गावचं काम लवकर आटोपलं.

आणि डेपोवरचा निरोप. मामा प्रत्येक वेळी सोडायला यायचे. बस हलली की रुमाल काढून डोळ्यांना लावायचे. डोळे कोरडे ठणठणीत. रुमालाच्या कडेनं बघत असायचे, बिल्डिंगमधलं कोण कोण बघतंय ते.

फसत मात्र कोणी नव्हतं. मासे घेऊन येणारी वाशीगावची म्हातारी पाटी उतरवता उतरवता म्हणायची, "काय गो बाय, दोन पावसाले झाले, अजून पावनीच हाय काय तू?" मी म्हणायचे, मामा सोडत नाहीत ना. ती हसायची आणि चार बोंबील जास्त टाकायची, म्हणायची, "खा, पावनी हाय तवर खा."

तिची भीती नव्हती. भीती होती ती खालच्या बाईंची. खालच्या मजल्यावर, बरोब्बर आमच्या जिन्याशी त्यांचं दार, आणि ते दार कायम वीतभर उघडं. बाई शाळेत शिकवायच्या आणि प्रश्न परीक्षेत विचारल्यासारखे विचारायच्या. मामा कोकणातले आणि तुमच्या ह्यांची बोली साताऱ्याकडची, ती कशी? मग सासूबाई मामांच्या सख्ख्या बहीण ना? इतक्या लांब देशावर दिली का त्यांना? मी आपली जमेल तसं जुळवून सांगायचे. मामांचं ठाम मत, ही बाई गोत्यात आणणार आपल्याला. ऑफिसात तिचंच कोणीतरी आहे.

खरं सांगायचं तर आम्हालाही मामांचा संशय यायचा. घर सहकुटुंब मिळालेलं, पण त्यांच्या बायकोला आम्ही कधी पाहिलं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, गावाला आहे. लोकांना सांगायचे, घरातच असते, गुडघे दुखतात, बाहेर पडत नाही. आणि दिवसाआड पहाटे उठून एक हिरवी नऊवारी साडी स्वतः धुवायचे, गॅलरीत वाळत घालायचे. वाळली की घडी करून आपल्या ट्रंकेत. नेसायला माणूस नाही आणि साडी मात्र दिवसाआड ओली. मी ह्यांना म्हणायचे, मला या माणसाची भीती वाटते. हे म्हणायचे, घर सोडून जायचंय का तुला?  मग मी आमच्या खोलीची कडी लावून घ्यायचे.

एका दिवाळीत सासूबाई गावाहून आमच्याकडे आल्या. खालच्या बाईंनी त्यांना जिन्यातच गाठलं आणि विचारलं, "भाऊबीजेसाठी आलात वाटतं भावाकडे?" सासूबाई जन्मात खोटं बोललेल्या नाहीत. वर येऊन पिशवी खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "काय गं, कोन भाऊ?" मी सगळं सांगितलं. मामा हात जोडून उभे. म्हणाले, ताई, दार उघडं ठेवून एकदा ओवाळा, म्हणजे खालचं तोंड बंद होईल, नाहीतर या पोरांची खोली जाईल.  संध्याकाळी सासूबाई न्हाऊन आल्या, तबक लावलं, पाट मांडला. मामा घाईघाईनं बसले आणि डोळा सगळा जिन्याकडे. सासूबाई तबक घेऊन तशाच उभ्या. म्हणाल्या, "हिकडं बघा. टोपी घाला डोक्यावर. ववाळायचं तर नीट ववाळून घ्या. मला नाटक करता येत न्हाई." मामांनी टोपी घातली. त्यांनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. खालच्या बाई जिन्यात उभ्या होत्या, पण मामा तेव्हा तिकडे बघत नव्हते.

आता तबकात काय घालायचं? मामा उठून ट्रंकेशी गेले आणि ती हिरवी साडी घेऊन आले. तबकात ठेवली. दार लावून घेतलं आणि मग सांगितलं. घराचा अर्ज दोघांच्या नावानं भरला होता. बायको रोज विचारायची, किल्ली कधी मिळणार, गॅलरी आहे ना, दोरी बांधायला जागा आहे ना. किल्ली आली तेव्हा ती नव्हती. एकट्या माणसाला एवढं घर देत नाहीत असं कोणीतरी सांगितलं आणि मामांनी धसका घेतला. तेव्हापासून ती साडी ओली होत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या खोलीची कडी लावली नाही.

सासूबाईंनी साडी नेली आणि दर वर्षी भावाला शेंगदाणे, गूळ पाठवू लागल्या. मी मधेच एकदा म्हटलं, आई, ते खोटं होतं ना? त्या म्हणाल्या, "ववाळलं म्हंजे ववाळलं. त्यात खोटं काय असतंय?" इकडे मामांनी मला सांगून ठेवलं की यापुढे तुझी साडी रोज गॅलरीत दिसली पाहिजे, रस्त्याच्या बाजूला, पूर्ण लांबीची. घरात बाईमाणूस आहे हे खालून कळायला हवं.

एवढं सगळं झालं म्हणून मामांचा स्वभाव बदलला असं कोणी समजू नये. माझे वडील नगरहून न कळवता आले, त्या दिवशी मी दळण आणायला गेले होते. वडिलांचा काळा कोट, छत्री, चामड्याची बॅग. मामांनी दार उघडून बॅग बघितली आणि त्यांना वाटलं, आला तो ऑफिसातला. वडिलांनी विचारलं, माझी मुलगी-जावई इथेच राहतात ना? मामा म्हणाले, इथे कोणाचीही मुलगी राहत नाही. गॅलरीत साडी वाळतेय ती कोणाची? माझ्या बायकोची. आणि दार लावून घेतलं. वडील लाडवांचा डबा मांडीवर घेऊन डेपोत बसून राहिले. पत्ता बरोबर, साडी त्यांनीच दिवाळीत घेतलेली, आणि तो माणूस म्हणतो बायकोची. पोरीचं काय झालं असेल या विचारानं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. संध्याकाळी हे बसमधून उतरले तेव्हा दिसले म्हणून बरं.

मी मामांना इतकी बोलले, इतकी बोलले की मला वाटलं आता हे आम्हाला घराबाहेर काढतात. म्हटलं, तुमच्या संशयापायी माझ्या बापाला रस्त्यावर बसवलंत. मामा मान खाली घालून ऐकत होते. वडील परत जायला निघाले तेव्हा मामा त्यांची बॅग उचलून डेपोपर्यंत गेले. ठोकूनसुद्धा बघितली नाही. जाता जाता वडील म्हणाले, माझा धाकटा भाऊ मुंबईत येणार आहे, तोही पुतणीला भेटून जाईल. मामा म्हणाले, "येऊ देत, व्याही. डोक्यावर घेईन."

आणि आठवड्याच्या आत तो आला. काळा कोट नव्हता पण बॅग चामड्याचीच. मामांनी दार सताड उघडलं. "या, या. वाटच बघत होतो. सूनबाई, पोहे टाक." मी आत कांदा चिरायला घेतला. मला वाटलं मामांचं कोणीतरी आलंय. बाहेर मामांचं सुरू झालं. तुमची पोर इथे अगदी सुखात आहे. मागच्या वेळी चूक झाली, मनात ठेवू नका. पोहे नेऊन दिले, माणूस पोहे खात ऐकत होता. मी चहा टाकायला वळले तोच मामांचं वाक्य कानावर आलं, "भाडेकरू म्हणून नाही हो ठेवली, मुलगी म्हणून ठेवली आहे."

चमचा थांबला. तो माणूस म्हणाला, "म्हणजे भाडेकरू आहेत?"

मी बाहेर आले. मामा म्हणाले, "बस इथे, काका आलेत तुझे." मी म्हटलं, हे माझे काका नाहीत. त्या माणसानं खिशातून ऑफिसचं कार्ड काढून टीपॉयवर ठेवलं, पोह्यांच्या बशीशेजारी. जन्मभर मामांनी दूधवाल्यात, टपालवाल्यात, गॅसवाल्यात, माझ्या बापात जो माणूस बघितला, तो खरोखर आला आणि मामांनी त्याला घरी बनवलेले पोहे खाऊ घातले.  मला समोर परळचा पडदा दिसत होता.

दारातून आवाज आला, "कसले भाडेकरू?" खालच्या बाई. हातात चिरायला घेतलेली भाजी. "यांना म्हातारपणी काहीच्या बाही बोलायची सवय आहे. तो सख्खा भाचा आहे यांचा. यांच्या बहिणीनं भाऊबीजेला ओवाळलं, मी या जिन्यात उभी राहून डोळ्यांनी बघितलंय. भाडेकरीण बाई ओवाळते का घरमालकाला?"

त्या माणसानं बाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. विचारलं, आणि यांच्या मिसेस?  बाईच म्हणाल्या, "त्या नाहीत आता. म्हणूनच पोरं सोबतीला ठेवली आहेत." तो थोडा वेळ गॅलरीतल्या माझ्या साडीकडे बघत बसला. मग कार्ड खिशात घातलं आणि पोहे संपवले. जाताना म्हणाला, घर नांदतं दिसतंय, तसंच लिहितो.

दुसरा कोणी असता तर खालच्या बाईंच्या पाया पडला असता. मामा महिनाभर त्यांच्यावर पाळत ठेवून होते. हिनं वाचवलं ते का वाचवलं? हिला काय हवंय? बाईंना काही नको होतं. त्यांचं दार त्यानंतरही तसंच वीतभर उघडं राहिलं आणि मला विचारायच्या, "काय, या रविवारी पूल सापडला का?"

पुढे मामांच्या घराची अट संपली. आता कोणी विचारणार नव्हतं. तरी आम्ही तिथेच होतो, आणि मी दर रविवारी जिन्यातून ओरडायचेच, मामा, पूल कुठे हो? ते हात दाखवायचे. मग सोडतीत आमचंही घर लागलं, नेरूळला. निघालो त्या दिवशी बिल्डिंगमधलं कोणी निरोप द्यायला आलं नाही. इतक्या वेळा बॅगा घेऊन जाताना बघितलेलं, सगळ्यांना वाटलं नेहमीसारखेच चाललेत, येतील आठवड्यानं. मामा डेपोवर आले. बस हलली. मी मागे वळून वळून बघत होते, रुमाल निघतो का. निघाला नाही. कोण बघतंय तेही त्यांनी बघितलं नाही. नुसते उभे होते.

नेरूळला बॅग उघडली तर आत वरवंटा. आम्ही दोघं हसून हसून बेजार झालो. म्हाताऱ्याची खोड जात नाही. आवराआवर करताना लक्षात आलं, माझी अबोली रंगाची साडी नाही. लग्नातली, पदराला एका ठिकाणी इस्त्रीचा डाग. निघायच्या दिवशी दोरीवर होती, काढून बॅगेत घातली असं मला वाटत होतं. मी म्हटलं, घालायची राहिली, दोरीवरून खाली पडली असणार आणि खालच्या बाईंनी उचलली असणार. हे म्हणाले, बाई, तू आता पूर्ण मामा झालीस.

तीनेक महिन्यांनी आम्ही मामांना भेटायला निघालो. फराळाचा डबा घेतला. बिल्डिंगसमोर रस्त्यावर आलो आणि मी थांबले. मामांच्या गॅलरीत साडी, पूर्ण लांबीची. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बघा, ठेवलं ना दुसरं कोणीतरी. तीन महिने नाही झाले. आपल्याला मुलगी म्हणायचं आणि लगेच दुसरी भाचेसून आणायची. हे म्हणाले, त्याचं घर आहे, तुला काय? मला काय ते मलाही सांगता येईना, पण जिना चढताना पाय आपटत चढले. खालच्या बाई दारातून नुसत्या बघत होत्या.

मामांनी दार उघडलं, डब्याकडे बघितलं. मी तरातरा आत गेले. आमच्या खोलीत कोणी नव्हतं. स्वयंपाकघरात एका माणसाची ताटवाटी पालथी घातलेली. पाटा कोपऱ्यात एकटाच उभा. गॅलरीत गेले आणि पदर हातात घेतला. अबोली रंग, इस्त्रीचा डाग.

"मामा, ही माझी साडी."

मामांनी आधी दार लावलं. मग म्हणाले, "हळू बोल. इतकी वर्षं तुला शिकवलं, निघताना बॅग तपासून घ्यावी. तपासलीस?"

"म्हणून वरवंटा घातलात?"

"वजन उतरलं तर माणसाला लगेच कळतं गो. वाढलं तर कळत नाही. आपलं सामान सगळ्यांना जडच वाटतं."

मी म्हटलं, "पण आता कशाला, मामा? अट कधीच संपली. कोण येणार आहे बघायला?"

मामा दोरीवरची साडी सारखी करत होते. 

"कोणी येत नाही," ते म्हणाले. "संध्याकाळी मी भाजी घेऊन येतो ना, तेव्हा त्या वळणावरून वर बघतो. साडी दिसली की वाटतं, घरात माणूस आहे. जिना चढेपर्यंत वाटतं तेवढं."

हे दारापाशी उभे होते. त्यांनी डबा खाली ठेवला. मी साडी दोरीवरून ओढून काढली, उलटी केली आणि पुन्हा पसरून घातली.

"अशी घालत जा," मी म्हटलं. "सुलटी घातली तर उन्हानं रंग उडतो."